पोरं कायदा घरी घेऊन येतात तेव्हा
(कामरगाव, ता. कारंजा, जि. वाशीम येथील बचत गट समन्वयक ताईंनी समुदाय रेडिओवर केलेले भाषण)



संध्याकाळची वेळ आहे. कुणाच्या हातात भाकर असेल, कुणी नुकतंच वावरातून येऊन पाय धुतले असतील. काम थांबवू नका. ऐकता ऐकता करा. फक्त शेवटी चार-पाच नंबर सांगणार आहे, तेवढ्यापुरतं पोराला वही-पेन घेऊन जवळ बसवा.

मी कामरगावची. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. बैठका, हप्ते, बँकेचे कागद हे माझं रोजचं काम. कायदा हा काही माझा विषय नाही. पण शाळा उघडल्यावर हायस्कूलच्या एका मॅडम भेटल्या. म्हणाल्या, “ताई, नववी-दहावीच्या मुलांशी नव्या कायद्यांवर बोलाल का? पुस्तकातलं आम्ही शिकवतो. पण तुम्ही त्यांच्या आयांना ओळखता. घरात काय चालतं ते तुम्हाला माहीत असतं.”

मी हो म्हटलं आणि मग घाबरले. कारंजाला कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे जाऊन बसले. तिथल्या एका वकील ताईंनी दोन तास समजावून सांगितलं. मी वहीत उतरवून घेतलं. चार शनिवार मी वर्गात गेले. आज त्या चार शनिवारांत मला काय समजलं, ते सांगणार आहे. मुलांना काय समजलं ते मुलं सांगतील. माझी फजिती मात्र मलाच सांगावी लागेल.

पहिल्या शनिवारी मी फळ्यावर तारीख लिहिली. १ जुलै २०२४. लक्षात ठेवायला सोपी, कारण १ जुलै म्हणजे वसंतराव नाईकांची जयंती, आपला कृषी दिन. त्या दिवसापासून तीन मोठे जुने कायदे गेले आणि तीन नवे आले. १८६० सालची भारतीय दंड संहिता गेली, तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कोणता गुन्हा आणि किती शिक्षा, ते ती सांगते. १९७३ सालची फौजदारी प्रक्रिया संहिता गेली, तिथे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तक्रार कशी घ्यायची, चौकशी कशी करायची, अटक कशी करायची, ते तिच्यात आहे. आणि १८७२ सालचा पुरावा कायदा गेला, तिथे भारतीय साक्ष्य अधिनियम आला.

एवढं सांगेपर्यंत मागच्या बाकावरची दोन पोरं पेंगायला लागली होती. मग मी म्हटलं, “आपण फसवणाऱ्याला चारसौबीस म्हणतो ना? ते कलमच आता राहिलं नाही. फसवणुकीचं कलम आता ३१८ झालं.” वर्ग जागा झाला. एक जण म्हणे, “मंग ताई, आता तीनशे अठरा म्हनाचं काय?” सगळे हसले. सासरच्या छळाचं ४९८ अ आपल्या सगळ्यांना तोंडपाठ होतं. ते आता कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. आकडा बदलला, गुन्हा तोच आहे.

पण आकडे सांगून कायदा कळत नाही, हे मला त्याच दिवशी कळलं. म्हणून दुसऱ्या शनिवारी मी मुलांना सांगितलं, “कालचा दिवस लिहा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं, कुठे गेलात, काय वापरलं.” मुलांनी लिहिलं. दूध काढलं, गाडीवर डेरीला नेलं, शाळेत आलो, मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, शेजारच्याशी धुऱ्यावरून बाबांचं भांडण झालं, बहिणीला पाहायला पाहुणे आले. मी म्हटलं, “आता यातल्या प्रत्येक ओळीपुढे कायदा कुठे बसला आहे ते आपण शोधू.”

पहिली ओळ निघाली गाडीची.

नववीतला एक मुलगा, वय १५. रोज सकाळ-संध्याकाळ मोटारसायकलवर दुधाची कॅन घेऊन डेरीला जातो. मी वर्गात मोटार वाहन कायदा सांगितला. १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मोटारसायकल चालवता येत नाही. १६ वर्षांच्या मुलाला फक्त ५० सीसीपर्यंतची गाडी चालते, तीही लायसन काढून. आणि १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्यात कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. आई म्हणाली, “मले मालूम नव्हतं”, तर ते तिलाच सिद्ध करावं लागतं. कोर्ट आधी हेच धरून चालतं की गाडी तुमच्या संमतीने गेली.

तो मुलगा काही बोलला नाही. मान खाली घालून बसला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला घाम फुटला. कारण ती गाडी कुणाच्या नावावर आहे? त्याच्या आईच्या. कशातून घेतली? आमच्या गटाच्या कर्जातून. कर्जाचा ठराव कुणी लिहिला? मी. “दूध व्यवसायासाठी दुचाकी” असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. त्याच्या बाबांचा पाय अधू आहे, ते गाडी चालवत नाहीत, हे मला माहीत होतं. आईला चालवता येत नाही, हेही माहीत होतं. मग गाडी कोण चालवणार, हे मी विचारलं नाही. वर्षभर त्या पोराला रस्त्याने जाताना पाहिलं आणि “शहाणा आहे, घराला हातभार लावतो” म्हणून कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई माझ्या दारात. “ताई, तुमी पोट्ट्यायले काय शिकवून राह्यल्या? पोरगा म्हन्ते गाडी नेत नाई. आता दूध कोन नेईन डेरीवर? तुमचा कायदा नेईन काय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायांनो, ती चुकीचं बोलत नव्हती. म्हशीला कायदा कळत नाही, तिचं दूध दोन वेळा निघतंच. आणि दुधाच्या पैशातून आमचाच हप्ता भरला जातो. पण मी तिला दारातून परत पाठवलं नाही. चहा ठेवला आणि वकील ताईंनी सांगितलेली आणखी एक गोष्ट तिच्यापुढे ठेवली. गाडीचा विमा असला तरी लायसन नसलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला, तर समोरच्याला दिलेली भरपाई विमा कंपनी गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे तिच्याकडून. तिच्याकडे काय आहे? दोन म्हशी. आणि हे झालं पैशाचं. त्या रस्त्याने कापसाचे ट्रक धावतात, अंधारात रोही आडवे येतात. पोरगं १५ वर्षांचं आहे.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बैठकीत काढा हा विषय.”

बैठकीत विषय निघाला तेव्हा कळलं की अशी घरं एक नाही, गटात चार आहेत. शेवटी असं ठरलं, की सकाळचं दूध पोरगा सायकलने नेईल, आणि संध्याकाळचं शेजारचा लायसनवाला माणूस दोन-तीन घरांचं एकत्र नेईल, पेट्रोलचे पैसे वाटून द्यायचे. ती बाई आजही दर बैठकीत मला ऐकवते, “ताई, तुमच्या कायद्यापायी मले खर्च वाढला.” खरं आहे. वाढला. पण आम्ही तेव्हापासून गटाच्या कर्जाच्या अर्जावर दोन प्रश्न वाढवले आहेत. गाडी कोण चालवणार? त्याचं लायसन आहे का? तुमच्या गटानेही हे दोन प्रश्न लिहून घ्यावेत.

तिसऱ्या शनिवारी मोबाईलवर बोललो. यात मुलं माझ्यापेक्षा हुशार निघाली, म्हणून थोडक्यात सांगते. एखाद्या मुलीच्या मागे मागे जाणं, तिने नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा बोलायचा प्रयत्न करणं, ती मोबाईलवर काय करते त्यावर पाळत ठेवणं, हा न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद. मुलीचा अश्लील फोटो नुसता पुढे पाठवला, काढला दुसऱ्याने होता, तरी पाठवणारा गुन्हेगार होतो. हे ऐकून काही मुलांचे चेहरे उतरले. आणि मुलींना मी सांगितलं, त्रास देणारा मेसेज आला तर घाबरून पुसून टाकू नका. नव्या साक्ष्य अधिनियमात मोबाईलमधला मजकूर, फोटो, व्हिडिओ हा कागदासारखाच पुरावा आहे. पुसला की पुरावा गेला. आधी घरातल्या मोठ्या माणसाला दाखवा.

आयांनो, इथे एक विनंती. पोरीने असा मेसेज दाखवला तर पहिला हात तिच्या मोबाईलवर टाकू नका. मोबाईल काढून घेतला आणि शाळा बंद केली, तर दुसरी पोरगी कधीच दाखवणार नाही.

मग निघाली धुऱ्याच्या भांडणाची ओळ. आणि माझी दुसरी फजिती.

मी सांगत होते, पोलिसांत तक्रार द्यायची तर आता कोणत्याही ठाण्यात देता येते. घटना दुसऱ्या हद्दीत घडली म्हणून परत पाठवता येत नाही. याला झिरो एफआयआर म्हणतात. समजा कारंजाहून अमरावतीला जाताना एसटीत पर्स चोरीला गेली, तर उतराल तिथल्या ठाण्यात तक्रार देता येते. मोबाईलवरून, ऑनलाइनही तक्रार देता येते, पण तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. तक्रारीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. तक्रार घेतलीच नाही, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी पाठवता येते. तपास कुठवर आला हे तक्रारदाराला ९० दिवसांच्या आत कळवायचं असतं. आणि बाईला सूर्य मावळल्यावर आणि सूर्य उगवायच्या आधी अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असला, तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यावी लागते.

मग मी कलम १७९ वाचलं. पोलिसांना साक्षीदाराची चौकशी करायची असेल, तर बाईला तिच्या घराशिवाय दुसरीकडे हजर व्हायला लावता येत नाही. चौकशीला त्यांनीच घरी यायचं. १५ वर्षांखालचा मुलगा, ६० वर्षांवरचा पुरुष, अपंग आणि फार आजारी माणूस यांनाही तेच. स्वतःच्या खुशीने ठाण्यात जायचं असेल तर जाता येतं.

दहावीतली एक मुलगी उभी राहिली. “ताई, मंग माझ्या मायले दोन खेपा काहून बोलावलं होतं?”

मला लगेच आठवलं. गेल्या वर्षी शेजाऱ्यांचं धुऱ्यावरून भांडण झालं, डोकी फुटली. हिच्या आईने ते पाहिलं होतं. एका ठाण्यातून फोन आला, जबाब द्यायला या. ती ऐन सोयाबीनच्या सोंगणीत एक दिवस गेली. दिवसभर बाकावर बसून परत आली, साहेब नव्हते म्हणे. दुसऱ्यांदा गेली. दोन दिवसांची मजुरी बुडाली. पण मला लाज वाटली ती वेगळ्या गोष्टीची. दुसऱ्या खेपेला तिच्यासोबत मी गेले होते. ती म्हणाली होती, “ताई, नाई गेलं तर जमत नाई काय?” आणि मी, बी.ए. झालेली, गटाची समन्वयक, तिला म्हटलं होतं, “वहिनी, बोलावलं तर जावंच लागतं.”

मला वाटलं, ही तरतूद नवी असेल म्हणून मला माहीत नव्हती. घरी जाऊन वही पाहिली. नवी नाही. १९७३ च्या कायद्यातही कलम १६० मध्ये बाईला हे संरक्षण होतंच. नव्या कायद्याने वयाची अट ६५ वरून ६० वर आणली आणि आजारी माणसाला त्यात घेतलं, एवढाच फरक. म्हणजे जवळपास ५० वर्षं हे कागदावर होतं आणि आपल्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. ठाण्यातून फोन करणाऱ्याला माहीत होतं की नाही, ते मी सांगू शकत नाही. मला माहीत नव्हतं, हे मी सांगू शकते.

पुढच्या शनिवारी मी वर्गात त्या मुलीसमोर म्हटलं, “तुझ्या आईला मी चुकीचं सांगितलं होतं.” मग तिच्या घरी जाऊन वहिनींनाही सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “जाऊ द्या वं ताई, आता पोरीले तर मालूम झालं.”

एक खबरदारी सांगून ठेवते. हे साक्षीदाराबद्दल आहे. गुन्हा आपल्यावरच दाखल असेल तर गोष्ट वेगळी. आणि कोर्टाचं समन्स आलं तर कोर्टात जावंच लागतं. शंका असेल तर वकिलाला विचारा. बाईला सरकारी खर्चाने फुकट वकील मिळतो, तिची कमाई कितीही असली तरी. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने तो आपला हक्क आहे.

आता चौथा शनिवार. मी एक डबा ठेवला होता. ज्याला उभं राहून विचारता येत नाही त्याने चिठ्ठी टाकावी, नाव लिहू नये. घरी येऊन चिठ्ठ्या उघडल्या. बऱ्याच गमतीच्या होत्या. एका चिठ्ठीत लिहिलं होतं: “माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. तिला १८ व्हायचे आहेत. मी कोणाला सांगू? माझं नाव कळलं तर घरी मारतील.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी वर्गात बालविवाहाचा कायदा मोठ्या आवाजात सांगून आले होते. मुलगी १८, मुलगा २१. २००६ च्या कायद्याने असं लग्न लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला, होऊ देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बाईला कैद होत नाही, पण दंड होतो. आणि न्याय संहितेत आता स्पष्ट लिहिलं आहे की बायको १८ वर्षांखालची असेल, तर तिच्याशी नवऱ्याने ठेवलेला संबंधही बलात्कारच धरला जाईल. हे सगळं मी पोरांना सांगितलं. पण सांगून झाल्यावर ते पोर घरी जातं. तिथे बाप आहे, आजी आहे, पक्कं झालेलं देणंघेणं आहे. त्या घरात ते पोर एकटं काय करणार? कायदा मी त्याच्या दप्तरात टाकून दिला आणि ओझं त्याच्या पाठीवर.

त्या चिठ्ठीचं पुढे काय झालं ते मी रेडिओवर सांगणार नाही. कुणी विचारूही नका. एवढंच सांगते, की गावात बालविवाह थांबवणं हे ग्रामसेवकाचं काम आहे, कायद्याने ते बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि अंगणवाडीताई त्यांना मदत करतात. १०९८ वर फोन केला तर फोन करणाऱ्याचं नाव उघड करत नाहीत. पुढचं काम मोठ्या माणसांनी केलं. ज्याने चिठ्ठी लिहिली, त्या लेकराला त्यानंतर काही करावं लागलं नाही.

म्हणून बायांनो, आज मी तुमच्याशी बोलते आहे. शाळेत पोरांना कायदा शिकवला पाहिजे, माझी त्याला ना नाही. पण पोरगं घरी येऊन म्हणेल, “माय, हे चुकीचं आहे,” तेव्हा “लय शहानं झालं” म्हणून त्याला गप्प बसवू नका. ते जे सांगेल ते आपल्या सोयीचं नसेल. दूध न्यायची पंचाईत होईल, पाहुण्यांपुढे मान खाली जाईल, माझ्यासारखीला आपली चूक कबूल करावी लागेल. तरी बसवून ऐका. पटलं नाही तर बैठकीत विचारा, गटात विचारा, वकिलाला विचारा. पण पोराला त्यात एकटं सोडू नका.

आम्ही आमच्या गटांत एक सुरुवात केली आहे. महिन्याच्या बैठकीत हप्ते झाले की दहा मिनिटं एक कायदा. वाचून दाखवते दहावीतली पोरगी किंवा पोरगा, समोर त्याची आई बसलेली असते. पहिल्या बैठकीत कलम १७९ त्या वहिनींच्याच लेकीने वाचलं. तुम्हीही करून पाहा. शाळेत पालक सभेला गेलात तर विचारा, सखी सावित्री समिती आहे का, ती शेवटची कधी बसली, तक्रारपेटी कोण उघडतं.

आता नंबर लिहून घ्या. पोलिसांची तातडीची मदत ११२. महिलांसाठी १८१. मुलांसाठी १०९८. मोबाईलवर पैशाची फसवणूक झाली तर लगेच १९३०. फुकट वकिलासाठी १५१००. पुन्हा सांगते. ११२. १८१. १०९८. १९३०. १५१००. कागद कपाटात ठेवू नका. सैपाकघराच्या भिंतीवर चिकटवा, जिथे सगळ्यांची नजर जाते.

भाकर करपली नसेल अशी आशा आहे.